व्लतावाच्या वळणात रुतलेला काटा

सोमवार

लेकीनं प्राग दाखवून झालं होतं. पूल, घड्याळ, राजवाडा, आणि जाईल तिथं जत्रा. "आई, आता चार दिवस माणसं नकोत," असं तीच म्हणाली, आणि लगेच चेस्की क्रुमलोवचं नाव काढलं. युनेस्कोच्या यादीतलं गाव, म्हणजे तिथं तर माणसांवर माणसं. मी नकाशा मागितला. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवल्यानं नकाशा दिसला की माझं बोट आधी नदीवर जातं. क्रुमलोवपासून व्लतावाची निळी रेघ पकडून उत्तरेकडं सरकले आणि एका वेटोळ्यापाशी अडले. वेटोळ्याच्या पोटात बारीक अक्षरांत नाव होतं, झ्लाता कोरुना. म्हणजे सोन्याचा मुकुट. लेक म्हणाली, "तिथं एक मठ आहे, बाकी काही नाही." मग तेच ठरलं.

प्रागहून चेस्के बुद्येयोवित्सेपर्यंत दोनेक तास मोठी गाडी, तिथं बदलून छोटी गाडी. ही छोटी गाडी आपल्या जुन्या बार्शी लाइटची चुलत बहीण शोभावी अशी. झाडीतून डुलत जाते, शाळेची पोरं चढतात, उतरतात, कुणाला घाई नाही. स्टेशन वर माळावर आणि गाव खाली नदीकाठी. पाठीवर पिशव्या घेऊन उताराला लागलो. एका वळणावर झाडी फाकली आणि सगळा देखावा एकदम खाली दिसला. नदी तिन्ही बाजूंनी वळसा घालून गेलेली आणि मधल्या जिभेवर लांबलचक उंच छपराचं चर्च, त्याला चिकटून मठाच्या इमारती, भोवती घरं. वस्ती हजाराच्या आतली. चर्च मात्र सगळ्या गावाला पोटात घेईल एवढं.

मी तिथंच पिशवी टेकवून बसले. कारण मुलांना शिकवलेलं सगळं इथं उलटं झालं होतं. नागमोडी वळणं कुठं तयार होतात, बाई? सपाट मैदानात, नदीचा वेग मंदावल्यावर. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते ती पठारावर आरामात. इथं मात्र दोन्ही काठांना उभे डोंगर, आणि नदी भर डोंगरात मैदानातल्यासारखी वेटोळी घालत निघालेली. उत्तर पाठ्यपुस्तकातच असतं, पण शेवटच्या ओळीत, आणि परीक्षेत कुणी विचारत नाही. फार पूर्वी हा प्रदेश सपाट होता, तेव्हा नदीनं आपली वळणं आखून घेतली. मग जमीन हळूहळू वर उचलली गेली. नदीनं वाट सोडली नाही, खाली खाली कापत गेली. डोंगर आजूबाजूला उभे राहिले आणि वळणं दगडात कोरली गेली. एरवी मैदानातली नदी कंटाळली की वळण तोडून सरळ जाते आणि मागं नालाकृती सरोवर सोडते. इथं तशी सोय नाही. एकदा घातलेला वळसा आता जन्माचा.

"आई, जेवायचंय का?" लेक म्हणाली.

मठ बंद. चेक देशात किल्ले, वाडे, मठ सगळं सोमवारी बंद असतं आणि हे आम्हा दोघींपैकी कुणालाच आठवलं नव्हतं. तेव्हा जेवण. शाकाहारी म्हटल्यावर वाढणाऱ्या बाईंनी क्षणभर आमच्याकडं दयेनं पाहिलं आणि कुलाय्दा आणून ठेवली. दक्षिण बोहेमियाचं हे खास सूप. बटाटा, रानातले मशरूम, आंबटसर साय, वर अंडं, आणि भरपूर शेपू! होय, शेपू. आमच्या घरी शेपूची भाजी केली की अर्धं घर बाहेर जेवायचं. इतक्या लांब येऊन तोच वास ताटलीतून आला तेव्हा मला हसू आवरेना. लेक लहानपणी शेपूच्या वासानं पळायची. इथं दोन वाट्या प्यायली. बिल कोरुनांत. या देशाचं नाणंच कोरुना, म्हणजे मुकुट. त्यामुळं झ्लाता कोरुना हे नाव ऐकून आधी मला सोन्याची मोहोर वाटली होती.

संध्याकाळी नदीवर गेलो. पाणी स्वच्छ, पण रंग कोऱ्या चहाचा. प्रदूषण नव्हे. व्लतावा शुमावाच्या डोंगरात, दलदलींतून उगम पावते. तिथला शतकानुशतकं साठलेला अर्धवट कुजका पाला पाण्यात उतरतो आणि नदी तो रंग घेऊन खाली येते. ओंजळीत घेतलं तर रंग दिसत नाही. नदी एकूण ४३० किलोमीटर, देशातली सर्वात लांब. आधी आग्नेयेला वाहते, मग विश्शी ब्रोदजवळ विचार बदलून उत्तरेला वळते, प्राग ओलांडते, एल्बेला मिळते आणि ते पाणी हॅम्बुर्गवरून उत्तर समुद्रात जातं. नावाचा मूळ अर्थ जुन्या जर्मानिक बोलीत ‘रानटी पाणी’. आज तरी ते पाणी मांजरासारखं पायाशी घुटमळत होतं.

मंगळवार

सकाळी पहिल्या गटात आम्ही आणि पाच चेक म्हातारे-म्हाताऱ्या. माहिती सांगणारी मुलगी कॉलेजातली. चेकमध्ये बोलणार, आमच्या हातात इंग्रजी कागद. लेकीला चेक बऱ्यापैकी कळतं, त्यामुळं कागदात नसलेलं तिच्याकडून मिळत होतं.

मठाची गोष्ट एका राजापासून सुरू होते. त्याचं नाव प्शेमिस्ल ओताकर दुसरा. (हा ‘प्श’ माझी तडजोड आहे. तिथं जे चेक अक्षर आहे त्यात र आणि झ एकाच दमात म्हणायचे असतात; लेकीनं तीनदा शिकवलं, चौथ्यांदा आम्ही दोघींनी सोडून दिलं.) १२५३ ते १२७८ हा त्याचा राज्यकाळ. बोहेमिया आणि मोराविया त्याचे होतेच, शिवाय ऑस्ट्रिया, स्टायरिया, पुढं कॅरिंथिया. राज्य एका टोकाला एड्रियाटिक समुद्राच्या बाजूला सरकत गेलेलं. लोक त्याला लोखंडाचा आणि सोन्याचा राजा म्हणत: लोखंड फौजेचं, सोनं खजिन्याचं. जुलै १२६० मध्ये क्रेसेनब्रुनच्या लढाईत त्यानं हंगेरीच्या बेला चौथ्याला हरवलं. परंपरा सांगते की जिंकलो तर मठ बांधीन असा नवस त्यानं रणांगणात बोलला होता. १२६३ मध्ये नवस फेडला, तो इथं, या वळणात.

मठाला त्यानं एक काटा दिला. ख्रिस्ताच्या डोक्यावर चढवलेल्या काटेरी मुकुटातला एक काटा अशी श्रद्धा. तो मुकुट फ्रान्सच्या नवव्या लुईनं १२३९ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलच्या कर्जबाजारी सम्राटाकडून मिळवला होता आणि त्याच्यासाठी पॅरिसमध्ये काचेच्या भिंतींचं देऊळच उभं केलं. त्यातला एक काटा लुईनं ओताकरला पाठवला असं सांगतात. म्हणून मठाचं पहिलं नाव पवित्र काटेरी मुकुट. पुढं मठाकडं जमिनी आल्या, खेडी आली, जंगलं आली, आणि लोकांच्या तोंडी नाव झालं सोन्याचा मुकुट. काट्याचं सोनं व्हायला फार वेळ लागला नाही.

भिक्षू आले व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनक्रॉइत्स मठातून. पंथ सिस्टर्शियन, १०९८ मध्ये फ्रान्समधल्या सीतो इथं सुरू झालेला. पांढरा झगा, वर काळी पट्टी; प्रार्थना आणि हातांनी काम. जुन्या लॅटिन वचनात म्हटलंय, बेनेडिक्टला डोंगर आवडत, बर्नार्डला दऱ्या. बर्नार्ड हा याच पंथाचा मोठा संत. त्याच्या माणसांना वाहतं पाणी हवं असे: गिरणीला, माशांच्या तळ्याला, बागेला, आणि हो, संडासाखालून वाहायलाही. जंगल तोडून शेत करण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. नदीनं तिन्ही बाजूंनी कुंपण घालून दिलेली ही जागा म्हणजे त्यांच्यासाठी आयता मठ. मी कागदावर इथवर वाचलं आणि समाधानानं मान डोलावली. एकांत हवा होता, वळण सापडलं. भूगोल जिंकला.

मग चॅप्टरची खोली आली. मठाच्या नियमावलीचा एकेक अध्याय रोज सकाळी सगळ्यांसमोर वाचायचा, चुका कबूल करायच्या, जमिनीचे वाद सोडवायचे, ते या खोलीत. तेराव्या शतकाच्या शेवटची. खांबांवरून वर जाणाऱ्या दगडी फासळ्या छत्रीच्या काड्यांसारख्या उघडतात. तिथं ती मुलगी थांबून जरा जास्तच बोलली आणि म्हातारे हसले. "काय म्हणाली?" मी विचारलं. "म्हणाली, राजानं नवस फेडला खरा, पण शेजाऱ्याच्या अंगणात."

हा शेजारी म्हणजे वीत्कोव्त्सी घराणं. दक्षिण बोहेमिया म्हणजे त्यांचीच जहागीर. मूळ पुरुष वीतेक. त्याच्या मुलांत वाटण्या झाल्या आणि प्रत्येक शाखेनं तोच पाच पाकळ्यांचा गुलाब वेगळ्या रंगात घेतला. रोझ्म्बेर्कवाल्यांचा पांढऱ्यावर लाल, क्रुमलोववाल्यांचा हिरवा, ह्रादेत्सवाल्यांचा निळ्यावर सोनेरी. भाऊबंदकीत एवढी टापटीप मी तरी पाहिली नव्हती. आपल्याकडं वाटणी झाली की विहिरीवरून डोकी फुटतात. यांनी एका फुलाचे रंग वाटून घेतले.

दुपारी मठासमोरच्या बाकावर बसून मी तिकिटाच्या मागं नदी काढली. वरून खाली, पाणी वाहतं तशी. सर्वात वर विश्शी ब्रोद: तिथं वोक रोझ्म्बेर्कनं १२५९ मध्ये सिस्टर्शियन मठच स्थापन केलेला. म्हणजे राजाच्या चार वर्षं आधी, त्याच पंथाचा, त्याच नदीवर. मग रोझ्म्बेर्कचा किल्ला. मग क्रुमलोव, वीत्कोव्त्सींचंच. मग हे वळण, १२६३. आणि खाली, जिथं माल्शे नदी येऊन मिळते, तिथं चेस्के बुद्येयोवित्से. ते शहर १२६५ मध्ये वसवलं कुणी? ओताकरनं. सहा वर्षांत एका नदीवर तीन स्थापना. पहिली जहागीरदाराची, दुसरी-तिसरी राजाची. मठाला दिलेली जमीन तर पश्चिमेला पार शुमावाच्या अरण्यापर्यंत, वीत्कोव्त्सींनी जिकडं हातपाय पसरले असते नेमकी त्याच बाजूला.

एकांत कसला? राजानं शेजाऱ्याच्या पायात काटा रुतवला होता, आणि काट्याला पवित्र म्हटल्यामुळं तो उपटणं म्हणजे पाप. भूगोल जिंकला म्हणून मी मान डोलावली होती ती घाई झाली. वळण भिक्षूंनी शोधलं नव्हतं, राजानं निवडून दिलं होतं.

तरीही तो उपटला गेलाच. १२७६ मध्ये हाब्सबुर्ग घराण्याचा रुडॉल्फ ओताकरवर चालून आला, तेव्हा वीत्कोव्त्सींनी मागून बंड केलं. त्यांचा म्होरक्या झाविश, क्रुमलोव शाखेतला, हिरव्या गुलाबाचा. राजाच्या मालमत्तेवर हल्ले झाले, त्यात हा कोवळा मठही लुटला गेला. दोन वर्षांनी, २६ ऑगस्ट १२७८ला, मोरावा नदीच्या काठच्या मैदानावर ओताकर रुडॉल्फशी लढता लढता पडला. आणि झाविश? त्यानं राजाच्या विधवेशी, कुन्हुता राणीशी, लग्न केलं. लेकीनं हे सांगितलं तेव्हा शेजारच्या बाकावरच्या आजींनी ‘झाविश’ एवढा एक शब्द ओळखून हात हवेत उडवले. सातशे वर्षांनंतरही या माणसाचं नाव काढलं की म्हाताऱ्या हात उडवतात.

राणी १२८५ला गेली. तिचा मुलगा, दुसरा वात्स्लाव राजा, मोठा झाला आणि सावत्र बापाला त्यानं पकडलं. त्याला बांधून वीत्कोव्त्सींच्या एकेका किल्ल्यापुढं न्यायचं आणि आतल्यांना म्हणायचं, किल्ला द्या, नाहीतर याचं डोकं जाईल. ह्लुबोका किल्ल्यात झाविशचा भाऊ होता. त्यानं दार उघडलं नाही. २४ ऑगस्ट १२९०ला तिथंच किल्ल्याखाली झाविशचा शिरच्छेद झाला. तोही किल्ला व्लतावावरच आहे, बुद्येयोवित्सेच्या थोडा खाली. माझ्या तिकिटावरची नदी आता पुरती भरली होती.

मठ मात्र सावरला. पुन्हा भिक्षू आले, पुन्हा चुना कालवला गेला. चर्च इतकं मोठं आखलं होतं की पुरं व्हायला पिढ्या लागल्या. दक्षिण बोहेमियातलं हे सर्वात मोठं चर्च. बोहेमियाचा राजा चौथा कार्ल गादीवर असताना प्रागचं कॅथेड्रल पेटर पार्लर बांधत होता, आणि त्याचा भाऊ मिखाएल इथं कामाला होता. राजधानीतली गवंड्यांची घराणी या आडबाजूला येत, एवढा पैसा इथं खेळत होता. मला मात्र त्या भव्य चर्चपेक्षा रक्षक देवदूतांचं दुमजली लहान प्रार्थनाघर जास्त आवडलं. मठातलं सर्वात जुनं. वरच्या मजल्यावर खिडकीतून तिरपा उजेड येतो आणि बाकी काही नसतं.

आणि शेवटी एक खोली, जिथून लेकीनं मला ओढून बाहेर काढलं. मध्ययुगाशी तिचा संबंध नाही, पण शिक्षकाला ओलांडून जाता येणार नाही. मठाचा शेवटचा प्रमुख बोहुमीर बिलान्स्की. त्यानं अठराव्या शतकात इथं आसपासच्या मुलांसाठी शाळा काढली आणि चित्रांवरून शिकवायची पद्धत आणली. आधी चित्र, मग शब्द. आम्ही तक्त्यांसाठी दरवर्षी मुख्याध्यापकांच्या विनवण्या करायचो त्याच्या दोनशे वर्षं आधी! १७८५ला सम्राट दुसऱ्या योसेफनं मठ बंद केला. मग इमारती श्वार्त्सेनबेर्गांकडं गेल्या आणि चक्क कारखाने झाले. लोखंडाची ओतशाळा तर १९०९पर्यंत धडधडत होती. जिथं बोलायला बंदी, तिथं घण.

बुधवार

आजचा दिवस लेकीचा. क्रुमलोवला जायचं आणि तिथून नदीनं परत गावात यायचं, रबरी तराफ्यातून. मी पोहणारी नाही. "आई, कमरेएवढं पाणी आहे." कुणाच्या कमरेएवढं ते तिनं सांगितलं नाही.

क्रुमलोवविषयी सगळ्यांनी सगळं लिहिलंय. मी एवढंच म्हणेन की तिथंही नदीचा तसाच वळसा, जवळजवळ गाठ बसेल असा, आणि त्याच्यावर डोंगरकड्याला चिकटून किल्ला. १३०२ मध्ये हिरव्या गुलाबाची शाखा निर्वंश झाली आणि क्रुमलोव लाल गुलाबाकडं, रोझ्म्बेर्कांकडं, आलं. हे ध्यानात ठेवा, उद्या लागणार आहे.

गावातले बंधारे चुकवून खालून तराफ्यात बसलो. नदीनं दहा-अकरा किलोमीटर. रेल्वेनं त्याहून कमी. वळणांचं भाडं. चेक लोक उन्हाळ्यात या नदीवर अक्षरशः लोटतात. डबे, तंबू, कुत्री, गिटारी, सगळं होडीत. सप्टेंबरमुळं गर्दी ओसरली होती, तरी जी होडी दिसेल ती हात वर करून ओरडे, "आहोय!" समुद्र नसलेल्या देशात दर्यावर्दींची हाळी! पहिल्या दोनदा मी लाजले, मग मीच आधी ओरडायला लागले.

मधे एका ठिकाणी खडकावर चढून बसलो. म्हणजे तराफा बसला. लेक खाली उतरली, पाणी तिच्या गुडघ्याएवढं. ढकलते ढकलते, हलेना. "आई, तू उतर." मी साडी नव्हे, पँटच घातली होती, पण चार पिढ्यांचे संस्कार पायांना चिकटले होते. उतरले. पाणी गार, तळाचे गोटे गुळगुळीत, आणि त्या क्षणी मागून आलेल्या होडीतल्या दोन काकांनी काही न विचारता आमचा तराफा ढकलला, आहोय म्हणाले आणि गेले.

पाण्यावरून नदीकाठ वाचता येतो. वळणाच्या बाहेरच्या काठाला उभा कडा, आतल्या काठाला वाळू-गोट्यांचा उतार. जिथं उतार तिथं गवत, तंबू, घर. जिथं कडा तिथं नुसतं जंगल. माणूस नेहमी वळणाच्या आतल्या बाजूला राहतो. आणि मग शेवटच्या वळणावर झाडांवरून तेच लांब छप्पर हळूहळू वर आलं. घोड्यावरून येणाऱ्याला ते कसं दिसलं असेल माहीत नाही. पाण्यावरून येणाऱ्याला मात्र ते चुकवता येत नाही. लाकडाचे तराफे हाकत खाली जाणाऱ्यांना शतकानुशतकं ते असंच दिसलं असणार.

कपडे वाळत घालून झोपलो. रात्री खोलीत दोघींनी साताऱ्याहून आणलेला चिवडा संपवला.

गुरुवार

नदीच्या काठाकाठानं, जंगलातून, खालच्या अंगाला दीव्ची कामेनपर्यंत चाललो. नावाचा अर्थ मुलीचा दगड. डावीकडं वर ब्लान्स्की लेसचे डोंगर, त्यात क्लेत्य शिखर, १०८४ मीटर. आमचा अजिंक्यतारा साधारण हजाराचा, त्यामुळं मी फार दबले नाही. पायाखालचा खडक ग्रॅन्युलाइट, जमिनीच्या पोटात खूप खोल, खूप तापून घडलेला. फिकट, कणीदार, हातात धरला तर खडीसाखरेच्या खड्यासारखा. नदीला हा खडक कापायला किती वेळ लागला असेल याचा विचार करत चालत होते, तेवढ्यात झाडांतून भिंती दिसल्या.

व्लतावाला क्झेम्झे गावाकडून येणारा ओढा जिथं मिळतो, तिथल्या अरुंद कड्यावर हा किल्ला. दोन बाजूंना पाणी, तिसरीकडं खंदक. १३४९ मध्ये रोझ्म्बेर्क भावांनी चौथ्या कार्लच्या परवानगीनं बांधायला घेतला. आता माझ्या तिकिटावर खूण करा. वर क्रुमलोव, १३०२पासून रोझ्म्बेर्कांचं. खाली दीव्ची कामेन, १३४९पासून रोझ्म्बेर्कांचा. मधे मठ. अडकित्त्याचे दोन्ही दांडे आणि मधली सुपारी. चौथा कार्ल सिस्टर्शियनांचा आश्रयदाता, मठाला त्याचं अभय. पण त्याच राजानं अडकित्त्याच्या दुसऱ्या दांड्यालाही शिक्का दिला.

सुपारी फुटली ती अडकित्त्यानं नव्हे. १४१५ मध्ये यान हुस या चेक धर्मसुधारकाला कॉन्स्टन्झमध्ये जिवंत जाळलं. त्याचे अनुयायी, हुसाइट, पेटून उठले आणि १४२०च्या मे महिन्यात त्यांनी झ्लाता कोरुनाचा मठ जाळला. या प्रसंगाची एक दंतकथा गावात सांगतात. भिक्षूंना लिंडनच्या झाडाला फाशी दिलं, आणि तेव्हापासून त्या झाडाची पानं भिक्षूंच्या टोपीसारखी, देठाशी मुडपून उगवतात. अशा मुडपलेल्या पानांची लिंडनची जात खरोखर असते. लेकीला ऐकून शहारे आले. मला आमच्या शाळेच्या आवारातला कृष्णवड आठवला. त्याची पानं देठाशी अशीच द्रोणासारखी मुडपलेली, आणि आम्ही मुलांना सांगायचो की कृष्णानं त्यात लोणी लपवलं. एकाच जातीचा पानाचा चमत्कार. इथं गळफास, तिथं लोणी.

मठ जळला, भिक्षू पांगले, आणि मग अडकित्ता मिटला. रोझ्म्बेर्कांचा तेव्हाचा धनी ओल्द्रिख दुसरा. आधी हुसाइटांना झुकतं माप देणारा, मग ऐन वेळी पलीकडं गेलेला. कॅथलिक बाजूचा राजा सिगिस्मुंड पैशाच्या तंगीत होता; फौजेसाठी मठांच्या जमिनी गहाण टाकत होता. झ्लाता कोरुनाची खेडी ओल्द्रिखच्या घशात गेली. आणि जिथं राजाची सही नव्हती, तिथं ओल्द्रिखनं ती करवून घेतली, म्हणजे स्वतःच्या लेखकांकडून. खोट्या सनदा बनवण्यात या माणसाची एवढी ख्याती की चेक इतिहासकार त्याच्या कागदांना हात लावताना आधी शिक्का उलटा करून बघतात. आपल्याकडच्या वतनांच्या भांडणांत खोटे महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, निघतात ते वाचताना मला नेहमी वाटायचं, हे आपलंच खास वैशिष्ट्य. नाही. जिथं जमीन आणि मोडी, तिथं महजर. जिथं जमीन आणि लॅटिन, तिथं ओल्द्रिख.

म्हणजे राजानं १२६३ला रुतवलेला काटा दीडशे वर्षांनी निघाला तो तलवारीनं नाही. शाई, मेण आणि दोरीनं. मठ उरला, पण लाल गुलाबाच्या सावलीत. आणि दीव्ची कामेन? गरज संपली. एवढ्या अवघड जागेचा खर्च कोण करणार. १५४१ला तो ओसाड म्हणूनच नोंदला गेला. आता भिंतींच्या आत भूर्जाची झाडं वाढली आहेत आणि मधल्या पटांगणात एक कुटुंब सॉसेज भाजत होतं.

ओढ्यापलीकडं चढून त्शीसोवच्या माळावर आलो. इथं काहीच दिसत नाही, आणि तरीही माझ्या मते या चार दिवसांतली सर्वात मोठी जागा हीच. इसवीसनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकात इथं केल्ट लोकांचं तटबंदीचं शहर होतं, साधारण २६ हेक्टरांचं. शेतातून चालताना जमिनीला दोन ठिकाणी अचानक फुगवटा येतो, तो त्यांचा तट. त्यांच्यातल्या बोई जमातीवरूनच बोहेमिया हे नाव आलं. नदीचा वळसा, ओढ्याचा संगम, कडा: जागा निवडताना त्यांनी तेच पाहिलं जे दीड हजार वर्षांनी रोझ्म्बेर्कांनी पाहिलं. ते उठून गेले, नाव देशाला ठेवून. आता त्यावर गवताचे भारे गुंडाळून ठेवले होते.

गाडीला सव्वा तास होता. छोट्याशा स्टेशनावर एक बाक, एक फलाट, आणि एक लिंडनचं झाड. मी उठून त्याच्याभोवती हळूच एक फेरी मारली. सगळी पानं सरळ, हृदयाच्या आकाराची, थोडी पिवळी पडायला लागलेली. "काय शोधतेस?" लेकीनं विचारलं. "काही नाही," म्हटलं, आणि त्यातलंच एक सरळ पान तिकिटाच्या मागच्या नदीत घालून पर्स बंद केली.